पैसे घेऊन काढलेला फोटो नेमका कुणाचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही स्वतंत्रपणे काम करणारे फोटोग्राफर आहात. एका संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमाचे फोटो तुम्ही ठरलेले पैसे घेऊन काढले. लेखी करार झाला नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि नंतर दिलेलं बिल, एवढंच. त्यातला एक फोटो आता तिसऱ्याच कंपनीच्या जाहिरातीत दिसतोय, तोही कोपऱ्यातलं तुमचं नाव कापून. दुसरा फोटो तुम्ही स्वतःहून काढलेला, फ्लेमिंगोंच्या थव्याचा, इन्स्टाग्रामवर टाकलेला. तो एका बातम्यांच्या पोर्टलने उचलला आणि खाली ‘सौजन्य : सोशल मीडिया’ असं लिहून मोकळे झाले. तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की कॉपीराइटचं रजिस्ट्रेशन नाही म्हणजे केस उभीच राहत नाही. आणि तुम्ही विचारताय, दोघांना नोटीस पाठवू का, आणि पैसे किती मागू?

मी कॉपीराइटच्या प्रकरणांत वकिली करतो आणि माझ्या अशिलांमध्ये फोटोग्राफर बरेच असतात. दोन्ही फोटो तुमच्याच हातचे आणि दोन्हीकडे तुम्हाला कुणी विचारलं नाही, त्यामुळे दोन्ही अन्याय सारखेच वाटणं साहजिक आहे. कायद्याच्या नजरेत मात्र ही दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत. पोर्टलला नोटीस पाठवा, उशीर करू नका. जाहिरात करणाऱ्या कंपनीला मात्र आत्ता काहीही पाठवू नका. तो फोटो कायद्याने तुमचा आहे की त्या संस्थेचा, हेच अजून स्पष्ट नाही, आणि तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा तिथेच आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात फोटोचा कर्ता कोण, याचं उत्तर सरळ आहे: फोटो काढणारी व्यक्ती. पण कर्ता कोण आणि मालक कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कलम १७ म्हणतं की कर्ता हाच पहिला मालक, आणि लगेच अपवाद सांगतं. त्यातला फोटोग्राफरला सगळ्यात जास्त लागू पडणारा अपवाद पोटकलम (ब) मध्ये आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो सांगणारा असतो. लग्न, कार्यक्रम, उत्पादनांचे फोटो, पोर्ट्रेट, सगळं यात येतं. अनेक अनुभवी फोटोग्राफरांना हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. कॅमेरा माझा, नजर माझी, मेहनत माझी आणि हक्क दुसऱ्याचा? मलाही हा नियम आजच्या काळाला शोभणारा वाटत नाही, आणि अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये नोकरीत नसलेल्या फोटोग्राफरच्या बाबतीत तो असा नाहीही. पण आपल्याकडे आज कायदा हा आहे, आणि समोरचा वकील पहिल्या उत्तरात हेच कलम तुमच्यासमोर ठेवणार.

आता ‘वेगळं काही ठरलेलं नसल्यास’ या शब्दांकडे नीट बघा, कारण तुमची सगळी आशा त्यांच्यात आहे. हे ठरणं लेखीच हवं असं कलम १७ म्हणत नाही. पण ते झालं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणाला मी फार महत्त्व देतो. ते पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या निरोपापर्यंत वाचून काढा. कोटेशन पाठवताना ‘फोटो तुमच्या अहवालासाठी आणि वेबसाइटसाठी वापरता येतील’ असं काही लिहिलंय का? ‘बाहेर कुणाला द्यायचे असतील तर आधी मला सांगा’ असं? आणि त्यावर त्यांचं ‘हो’, ‘ओके’, ‘चालेल’ असं उत्तर आहे का? कार्यक्रमाच्या आधीची अशी दोन वाक्यं नंतरच्या दहा पानांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

बिलाबद्दल मात्र जपून. बऱ्याच जणांच्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं, ‘सर्व हक्क फोटोग्राफरकडे राखीव’. पण बिल जातं काम झाल्यावर. तोवर फोटो काढून झालेले असतात आणि पहिला मालक कोण हे कायद्याने ठरून गेलेलं असतं. नंतर एकतर्फी लिहिलेल्या ओळीने ते बदलत नाही. त्याच संस्थेची कामं तुम्ही वर्षानुवर्षं करत असाल, प्रत्येक बिलावर ती ओळ असेल आणि त्यांनी कधी हरकत घेतली नसेल, तर दोघांमध्ये तसा समज होता असं म्हणायला जागा राहते. एकाच कामाचं एकच बिल असेल तर मी त्यावर भिस्त ठेवणार नाही.

आणखी काही बारकावे परिस्थितीवर अवलंबून आहेत. संस्थेने तुम्हाला बोलावलं नव्हतं, तुम्ही स्वतःहून गेलात, फोटो काढले आणि नंतर त्यांना काही विकले, तर ‘सांगण्यावरून’ हा भागच गळून पडतो आणि मालक तुम्हीच. कार्यक्रमाचा व्हिडिओही तुम्ही केला असेल आणि जाहिरातीतलं चित्र ही त्या व्हिडिओची एक फ्रेम असेल, तर ते कायद्याच्या व्याख्येत ‘फोटो’ ठरतच नाही, चित्रपटाचा भाग ठरतं आणि हिशोब वेगळा होतो. तुम्ही कुणाच्या नोकरीत असताना, त्या नोकरीचा भाग म्हणून फोटो काढले असतील तर कॉपीराइट तुम्हाला नोकरीवर ठेवणाऱ्याचा. वृत्तपत्र किंवा मासिकाच्या नोकरीत असाल तर त्याहून वेगळी विभागणी आहे: प्रकाशनापुरता हक्क वृत्तपत्राच्या मालकाचा, बाकीचा तुमचा, अर्थात उलट काही ठरलेलं नसेल तर.

म्हणून जाहिरातीच्या प्रकरणात पुढची पायरी कंपनीकडे नाही, संस्थेकडे जाते. त्यांना एकच गोष्ट विचारायची आहे: हा फोटो तुम्ही या कंपनीला दिलात का?

त्यांनी दिला असेल आणि तुमच्याकडे वेगळं ठरल्याचा पुरावा नसेल, तर वापराची परवानगी द्यायचा अधिकार त्यांचाच होता. त्या फोटोच्या वापराचे पैसे मागायचा मार्ग मग बंद झाला असं समजा. तरीही तुमच्या हातात एक गोष्ट उरते, आणि ती फोटोग्राफर फार सहज सोडून देतात. कलम ५७ कर्त्याला विशेष हक्क देतं: आपण या कृतीचे कर्ते आहोत असं सांगण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड झाल्यास ती थांबवण्याचा किंवा नुकसानभरपाई मागण्याचा. हा हक्क कॉपीराइटहून स्वतंत्र आहे. कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी तो कर्त्याकडेच राहतो. दिल्लीतल्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांनी घडवलेलं भलंमोठं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं, त्यात त्याची नासधूस झाली. ते काम सरकारनेच करवून घेतलेलं होतं, तरी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कलाकाराचा हा हक्क मान्य केला, अवशेष परत करायला लावले आणि पाच लाखांची भरपाई दिली. फोटो आणि भित्तिशिल्प यांत फरक आहे, पण तत्त्व हेच. तुमच्या बाबतीत नाव कापलं गेलंय, म्हणून नाव द्या किंवा कर्ता म्हणून माझी ओळख मान्य करा, असा आग्रह धरायला तुम्हाला आधार आहे. फक्त यातून मोठी रक्कम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. चौकटीत बसवायला फोटो थोडा कापला, एवढ्याने प्रतिष्ठेला धक्का बसला हे सिद्ध करणंही अवघड जातं.

संस्था म्हणाली, ‘आम्ही दिलाच नाही, त्यांनी आमच्या पेजवरून उचलला’, तर गोष्ट तुमच्या बाजूने वळू शकते. मालक संस्था आहे, पण तिला तो फोटो विकण्यात किंवा भांडण्यात रस नाही. अशा वेळी मी संस्थेकडून कॉपीराइट फोटोग्राफरच्या नावे लिहून घेतो. कलम १९ प्रमाणे हे हस्तांतर लेखी आणि संस्थेच्या अधिकृत व्यक्तीच्या सहीचं हवं. कुठला फोटो, कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी, मोबदला काय, हे सगळं त्यात असावं. काळ लिहिला नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमच्यासारख्या प्रकरणात आणखी एक ओळ लागतेच लागते: ‘या फोटोच्या यापूर्वी झालेल्या उल्लंघनाबद्दल कारवाई करण्याचा आणि भरपाई घेण्याचा हक्कही यासोबत देण्यात येत आहे.’ ती ओळ नसेल तर कंपनीचा वकील म्हणेल, जाहिरात आली तेव्हा तुम्ही मालकच नव्हता. बऱ्याचशा संस्था असं पत्र आनंदाने देतात. त्यांना खर्च नसतो, आणि आपल्या कार्यक्रमातले चेहरे कुठल्यातरी जाहिरातीत आलेले त्यांनाही आवडलेलं नसतं. त्या चेहऱ्यांवरून आठवलं: फोटोत ओळखू येतील अशी माणसं असतील तर त्यांना न विचारता जाहिरातीत वापरल्याची तक्रार ती स्वतःही करू शकतात. तो हक्क त्यांचा आहे, तुमच्या मागणीत तो घालू नका.

नाव कापण्याबद्दल कायद्यात वेगळी तरतूदही आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ब आलं. कृतीवरची हक्कांची माहिती, म्हणजे कर्त्याचं नाव, मालकाचं नाव, वापराच्या अटी वगैरे, जाणूनबुजून काढून टाकणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. फोटोच्या कोपऱ्यातलं नाव आणि फाइलमध्ये भरलेली कर्त्याची माहिती, दोन्ही माझ्या मते यात बसतात. अडचण ‘जाणूनबुजून’ या शब्दाची आहे. व्हॉट्सअ‍ॅप किंवा समाजमाध्यमांतून फाइल फिरली की आतली माहिती आपोआप गळते, त्याचा दोष कंपनीवर टाकता येत नाही. पण कोपऱ्यातलं नाव आपोआप कापलं जात नाही. तुमच्या मूळ फोटोत नाव उजव्या खालच्या कोपऱ्यात आहे आणि जाहिरातीत नेमकी तेवढीच पट्टी गायब आहे, बाकी तिन्ही कडा जशाच्या तशा आहेत, हे दोन चित्रं शेजारी ठेवली की कुणालाही दिसतं. ही तुलना आजच करून ठेवा. यातला दिवाणी उपाय मात्र कायद्याने मालकाला दिलाय, म्हणून पुन्हा संस्थेचं पत्र.

इतकं जपून का, हेही सांगतो. मालकी पक्की नसताना ‘तुमच्यावर कारवाई करतो’ अशी धमकी दिली तर कलम ६० खाली ती कंपनी उलट तुमच्यावर दावा करू शकते: आम्ही उल्लंघन केलेलं नाही असं जाहीर करा, धमक्या थांबवा, आमचं नुकसान भरून द्या. समाजमाध्यमांवर कंपनीचं नाव घेऊन ‘फोटोचोर’ म्हणून पोस्ट टाकण्याची इच्छा होत असेल, ती माझ्या समोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला होते. मालकी हातात येईपर्यंत ती पोस्ट टाकू नका. मी प्रकाशकांच्या बाजूनेही काही प्रकरणं पाहिली आहेत, आणि तिथे अशी पोस्ट समोरच्याला किती उपयोगी पडते हे मला माहीत आहे.

आता फ्लेमिंगोंकडे येतो. तिथे तुमची बाजू भक्कम आहे. कुणी सांगितलं नाही, कुणी पैसे दिले नाहीत, म्हणजे कर्तेही तुम्ही आणि मालकही तुम्हीच. संरक्षण तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. पूर्वी फोटोंसाठी ते प्रकाशनापासून ६० वर्षं असं तोकडं होतं. २०१२ ला फोटो बाकी कलाकृतींच्या बरोबरीला आले.

रजिस्ट्रेशनची गोष्ट एकदाची संपवूया. कॉपीराइट फोटो काढताक्षणी निर्माण होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणी नसली तरी दाद मागता येते, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये संजय सोया प्रकरणात स्पष्टपणे सांगितलंय. ‘रजिस्ट्रेशन नाही म्हणून केस नाही’ असं कुणी म्हणालं तर या निकालाचं नाव सांगा. नोंदणी निरुपयोगी आहे असं मात्र नाही. नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते, त्यामुळे तात्पुरत्या मनाई हुकमाच्या अर्जात न्यायालयाला पटवायला वेळ कमी लागतो. कलाकृतीचं साधं शुल्क ५०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो, हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. दरवर्षी हजारो फोटो काढणाऱ्याने सगळे नोंदवणं शक्य नाही. जे दहा-बारा फोटो पुन्हा पुन्हा विकले जातात किंवा ज्यांच्यावर तुमचं नाव उभं आहे, तेवढे नोंदवा, असं मी सांगतो.

पोर्टल दोन गोष्टी म्हणेल. पहिली, ‘इन्स्टाग्रामवर सगळ्यांना दिसत होता.’ दिसणं आणि वापरायची परवानगी असणं वेगळं. इन्स्टाग्रामला तुम्ही त्यांच्या अटींप्रमाणे फोटो दाखवायचा परवाना देता. बाहेरच्या प्रत्येकाला देत नाही. हैतीच्या २०१० च्या भूकंपानंतर दानिएल मोरेल या फोटोग्राफरने ट्विटरवर टाकलेले फोटो एएफपी ही वृत्तसंस्था आणि गेटी ही फोटो विकणारी कंपनी यांनी वापरले, तेव्हा हाच युक्तिवाद झाला होता. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो मानला नाही, आणि २०१३ मध्ये ज्यूरीने सुमारे १२ लाख डॉलरची भरपाई ठरवली. त्या आकड्याने हुरळून जाऊ नका. अमेरिकेत वेळेत नोंदणी असेल तर कायद्यातच ठरवलेली भरपाई मागता येते. आपल्याकडे तशी सोय नाही. जे नुकसान दाखवाल तेच मागता येतं.

दुसरी गोष्ट, ‘आम्ही बातमी दिली, बातमीसाठी सूट आहे.’ कलम ५२ मध्ये चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी उचित वापराची सूट आहे हे खरं. पण बातमी कशाबद्दल होती ते बघा. ‘हा फोटो चर्चेत आहे’ अशी बातमी असेल तर त्यांच्या म्हणण्यात थोडं बळ आहे. थंडी सुरू झाली, पक्षी आले, एवढीच बातमी असेल आणि ती सजवायला तुमचा फोटो लावला असेल, तर त्यांनी असा फोटो विकत घ्यायला हवा होता. तो विकणं हाच तुमचा व्यवसाय आहे, आणि तोच त्यांनी टाळलाय. ‘सौजन्य : सोशल मीडिया’ या ओळीने त्यांची बाजू मजबूत होत नाही. फोटो दुसऱ्याचा आहे हे त्यांना माहीत होतं, हेच ती ओळ सांगते. कायद्यात एक सवलत आहे, की या कृतीवर कुणाचा तरी कॉपीराइट आहे हेच ज्याला ठाऊक नव्हतं आणि तसं वाटायला कारणही नव्हतं, त्याच्याकडून भरपाई घेता येत नाही, फक्त मनाई हुकूम आणि त्याला झालेल्या नफ्यातला वाटा मिळतो. ती सवलत मागायला या ओळीनंतर त्यांना तोंड राहत नाही. तुमचं नाव फोटोवर होतं का? असेल तर कायदा तुम्हालाच कर्ता धरून चालतो, उलट सिद्ध होईपर्यंत.

नोटिशीच्या आधी पुरावा, हा क्रम चुकवू नका. नोटीस मिळाल्यावर फोटो काही मिनिटांत उतरवला जाऊ शकतो. पान पूर्ण उघडा, पत्ता आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, पान पीडीएफ म्हणून जतन करा, वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती जतन करणाऱ्या संकेतस्थळावर, साठवा. मग फोटोवर राइट क्लिक करून चित्र नव्या टॅबमध्ये उघडा आणि वरचा पत्ता वाचा. तो पोर्टलच्या स्वतःच्या डोमेनचा असेल तर त्यांनी फाइल उतरवून आपल्याकडे ठेवलीय, म्हणजे प्रत केलीय. तो इन्स्टाग्रामचा असेल आणि फोटो तुमच्या पोस्टच्या चौकटीतच दिसत असेल तर त्यांनी तुमची पोस्ट जोडलीय, आणि तिथे वाद वेगळ्या वळणाने जातो. मला कळवताना हा पत्ता जरूर लिहा.

तुमच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल), आणि तिच्या आधीच्या व नंतरच्या फ्रेम. उचलणाऱ्याकडे एकच चित्र असतं. तुमच्याकडे थवा पाण्यावरून उठतानाची, वळतानाची, दूर जातानाची अख्खी मालिका असते, सलग क्रमांकांची, आत कॅमेऱ्याचा सिरियल नंबर असलेली. कॅमेऱ्याचं बिल त्याच नंबरचं असेल तर तेही ठेवा. ‘मालिकेतली पुढची फ्रेम दाखवा’ एवढ्या एका मागणीवर अनेक वाद संपतात. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि त्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, लिहावं लागतं. म्हणून मूळ फाइल उघडून पुन्हा सेव्ह करत बसू नका. एक प्रत बाजूला काढा, तिचं हॅश काढून लिहून ठेवा आणि तिला हात लावू नका.

एवढं झालं की नोटीस. तिच्यात फोटो कधी काढला, पहिल्यांदा कुठे प्रसिद्ध केला, त्यांनी कुठे वापरला, परवानगी दिली नव्हती, हे साध्या भाषेत. मागण्या तीन: फोटो काढा किंवा वापराचा परवाना घ्या, झालेल्या वापराचे पैसे द्या, नाव न दिल्याबद्दल खुलासा छापा. रकमेबद्दल माझी पद्धत अशी आहे की आकडा तुमच्या स्वतःच्या व्यवहारातून यावा. अशा वापरासाठी तुम्ही इतरांकडून किती घेतलेत? ती बिलं सोबत जोडा. नाव वगळल्याबद्दल आणि आधी न विचारल्याबद्दल मी त्यात भर घालतो, पण मूळ दराच्या तिप्पट-चौपटीच्या पलीकडे सहसा जात नाही. मोठा आकडा टाकला की समोरचा वकील नेमतो. पटणारा आकडा असला की नोटीस त्यांच्या हिशोब विभागाकडे जाते. मला तुमच्यासाठी ही दुसरी वाट हवीय.

पोलिसांत जाऊ का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. कलम ६३ खाली जाणीवपूर्वक उल्लंघन हा गुन्हा आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र ठरवला. म्हणजे रस्ता आहे. पण एका फोटोच्या एका वापरासाठी तो मी सुचवत नाही. दंड सरकारजमा होतो, तुमच्या हाती त्यातून काही येत नाही, आणि एकदा गुन्हा दाखल झाला की तडजोडीचं बोलणं अवघड होतं. कुणी तुमचे शेकडो फोटो पद्धतशीरपणे विकत असेल, तेव्हा याचा विचार करू.

पोर्टलने ऐकलंच नाही तर दिवाणी दावा. तो तुम्ही राहता त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो, ही कलम ६२ ने दिलेली मोठी सोय आहे. मात्र २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तिला काही मर्यादा घातल्या आहेत. दाव्याचं मूल्य तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर तो व्यावसायिक न्यायालयात जातो आणि तातडीचा मनाई हुकूम मागत नसाल तर आधी मध्यस्थीतून जावं लागतं. एकट्या फोटोसाठी बहुतेक वेळा तिथपर्यंत जायची गरज पडत नाही. त्याच पोर्टलच्या पानावरून तो फोटो आणखी कुठल्या समाजमाध्यमावर गेला असेल तर त्या माध्यमाकडे लेखी तक्रार करा. नियमाप्रमाणे त्यांनी ३६ तासांत तो दिसणं थांबवायचं असतं. पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा सुरू करू शकतात, हे लक्षात ठेवा.

भरपाईच्या दाव्याची मुदत उल्लंघनापासून तीन वर्षं आहे. तुमच्या लिहिण्यावरून पोर्टलची बातमी गेल्या हिवाळ्यातली दिसते, म्हणजे वेळ आहे. जाहिरात पहिल्यांदा कधी आली ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही, ती तारीख शोधा.

यापुढच्या कामांसाठी, कार्यक्रमाच्या आधी पाठवायच्या कोटेशनमध्ये इतकं घाला: ‘सर्व फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. ग्राहकाला हे फोटो स्वतःची वेबसाइट, समाजमाध्यमं आणि अहवाल यांत फोटोग्राफरच्या नावासह वापरता येतील. जाहिरातीसाठी किंवा तिसऱ्या कुणाला देण्यासाठी वेगळी लेखी परवानगी लागेल. आगाऊ रक्कम भरणं म्हणजे या अटी मान्य असणं.’ घर भाड्याने दिलं म्हणून ते भाडेकरूचं होत नाही, हे ग्राहकाला लगेच कळतं. फोटोच्या बाबतीत ते त्याला आधी सांगावं लागतं. काही ग्राहक म्हणतील, आम्हाला सगळे हक्क हवेत. द्या, पण वेगळी किंमत लावून. आपल्या घरातल्या लग्नाचे फोटो दुसऱ्याच्या मालकीचे असावेत हे कुटुंबांना आवडत नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. तिथे हक्क त्यांना देऊन, स्वतःचं काम दाखवण्यापुरती परवानगी लिहून घ्या.

आता संस्थेला लिहायचा निरोप. त्यात कायदा, कलम, भरपाई यातलं काहीही नको. इतकंच लिहा: ‘नमस्कार. आपल्या कार्यक्रमातला मी काढलेला हा फोटो अमुक कंपनीच्या जाहिरातीत दिसला. सोबत दोन्ही चित्रं जोडली आहेत. आपल्याकडून त्यांना तो दिला गेला होता का, आणि दिला असल्यास कुठल्या वापरासाठी, एवढं कळवाल का?’ उत्तर फोनवर आलं तर ‘आपण आत्ता सांगितलंत त्याप्रमाणे’ असं लिहून तेच परत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. ते काय म्हणाले आणि कोटेशनच्या वेळचं संभाषण काय होतं, ही दोन्ही इथे लिहा, माणसांची नावं आणि नंबर झाकून. कंपनीला नोटीस जायची असेल तर ती कुणाच्या नावाने, हे त्यावरून सांगता येईल.